सभ्य आवाजाचा बँड

"बाबा, तुला एकच काम देतेय," मुलगी म्हणाली. "बँड ठरवायचा."

लग्नाच्या कामांची चार पानी यादी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली होती. तीन पाने बायकोच्या नावाने होती, चौथे मुलीच्या. तिचे वडील कानवाले मघापासून त्यात आपले नाव शोधत होते, आणि ते कुठेच नाही याचे त्यांना आश्चर्य वाटले नव्हते. या घरात त्यांच्यावर काम सोपवण्याची पद्धत फार पूर्वीच मोडली होती. मुलीच्या शाळेतल्या पहिल्या नाटकाचे त्यांनी पाऊण तास चित्रीकरण केले होते, कॅमेऱ्याचे झाकण न काढता. तिच्या मोठ्या परीक्षेच्या पहिल्या दिवशी तिला वेळेआधी वीस मिनिटे नेऊन पोचवले होते, भलत्याच शाळेत. तेव्हापासून दिवे मालवणे आणि कुंड्यांना पाणी घालणे एवढी दोनच खाती त्यांच्याकडे उरली होती. त्यातले कुंड्यांचे खाते गेल्या वर्षी काढून घेण्यात आले.

"बँड?" बायकोने यादीवरून मान वर केली. "यांच्याकडे?"

"जॅझ बँड आहे, आई. आणि बाबाला त्यातलं कळतं. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी स्वतः सांगितलंय, की माणूस जाणकार आहे."

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने न्हाणीघरातसुद्धा कधी सुरात शीळ घातलेली नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. कानवाल्यांनी चहाच्या कपात तोंड लपवले. मुलीने विश्वासाने आपल्याकडे बघावे, असा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला होता आणि तो घालवायला ते तयार नव्हते.

जाणकारीची हकीगत अशी होती. कानवाल्यांचे कानाला लावायच्या यंत्रांचे दुकान होते, म्हणून सगळे त्यांना कानवाले म्हणत. व्याही निवृत्त न्यायाधीश. कमी बोलणारे, भुवया दाट, आणि घरात जॅझच्या बाराशे तबकड्या. पहिल्या भेटीत त्यांनी त्यातली एक काढली, बाहीने पुसली आणि लावली. आवाज अगदी बेताचा ठेवला होता, कारण विहीणबाईंचे डोके दुखायचे. सगळे जण परीक्षेला बसल्यासारखे बसून राहिले. तबकडी संपल्यावर व्याह्यांनी कानवाल्यांकडे पाहिले. काहीतरी बोलणे भाग होते. कुठल्याशा समारंभात मागच्या रांगेत कोणीतरी टाकलेले एक वाक्य कानवाल्यांच्या डोक्यात पडून होते. तेच त्यांनी काढले.

"ड्रमवाला जरा मागे राहतोय, नाही?"

व्याही त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश तीनदा मान हलवली. दोन दिवसांनी मुलीमार्फत निकाल आला, की माणूस जाणकार आहे. त्यावर अपील कुठे करतात हे कानवाल्यांना माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर करायचेही नव्हते.

त्या एका तबकडीवरून त्यांनी एक निष्कर्ष मात्र काढला. जॅझ हे फार हळू आवाजात वाजवायचे संगीत आहे. पुढचे सगळे रामायण या निष्कर्षातून घडले.

बँडची तालमीची खोली गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजच्या माडीवर होती. बँडच्या प्रमुख ट्रंपेट वाजवणाऱ्या एक भरदार बाई होत्या. समोरच्या माणसाकडे त्या डॉक्टर जीभ बघतात तशा बघत. त्यांनी वही काढली.

"किती माणसं?"

"दीडशे."

"स्टेज केवढं? आम्ही पाच जण. पियानो लागेल, आणि आमचा तो माणसाएवढा तारांचा बास उभा राहिला पाहिजे."

"सगळं आहे. पियानो हॉलचाच आहे."

"आवाजाची काही अट?"

कानवाले जाणकारासारखे हसले. "तुम्ही जॅझच वाजवता ना? मग अट तुम्हाला लागूच होत नाही."

बाईंना हे फार आवडले. "असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतेय. थोडं वाजवून दाखवू का?"

"छे, छे. काही गरज नाही." वाजवून झाल्यावर त्यांनी मत विचारले असते, आणि कानवाल्यांकडे मत एकच होते. ते ड्रमवाल्याच्या तोंडावर देणे बरे दिसले नसते.

हॉलबद्दलही सांगायला हवे. तो कानवाल्यांच्या दुकानाला लागूनच होता. दुकानात काचेची एक छोटी खोली होती. गिऱ्हाइकाला तिथे बसवून कानात बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचे. सात वर्षांपूर्वी शेजारी एक लग्न चालू असताना एका आजोबांनी प्रत्येक वेळी बरोबर बटण दाबले. कानवाल्यांनी त्यांना कान ठणठणीत असल्याचा दाखला दिला. आजोबा ठार बहिरे होते. शेजारच्या ढोलाचे हादरे खुर्चीतून त्यांच्या पाठीला लागत आणि ते बटण दाबत. आजोबांच्या सुनेने येऊन कानवाल्यांना जे सुनावले, ते ऐकायला कुठलेच यंत्र लागले नसते.

त्यानंतर कानवाल्यांनी हॉलच्या मालकांना अकरा पत्रे लिहिली आणि शेवटी स्टेजजवळच्या भिंतीवर एक यंत्र बसवून घेतले. त्याला तीन दिवे होते. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे सांभाळा. लाल दिवा सलग तीन सेकंद राहिला की हॉलची वीज जायची. मॅनेजरला ती दोनदा परत आणता यायची. तिसऱ्यांदा गेली की यंत्राला कुलूप पडायचे आणि कंपनीचा माणूस किल्ली घेऊन येईपर्यंत उघडायचे नाही. हे तिसरे कलम कानवाल्यांनी स्वतः सुचवले होते. मर्यादेचा काटाही त्यांनीच लावला होता. त्यावर मेणाचे सील होते आणि सीलाशेजारी कागदावर त्यांची सही होती, खाली 'तज्ज्ञ' असे लिहून.

"साहेब, नक्की इथेच?" बुकिंग घेताना मॅनेजरने दोनदा विचारले. यंत्र बसल्यापासून तिथे लग्ने होईनाशी झाली होती. व्याख्याने व्हायची, तीही बेताच्या वक्त्यांची.

"इथेच. आमचं संगीत सभ्य आहे," कानवाले म्हणाले.

लग्नाच्या दिवशी दुपारी दोन वाजता बँड आला. पाहुणे चारला यायचे होते. कानवाले नवा कोट घालून दारात उभे होते. मुलगी आतल्या खोलीत तयार होत होती, आणि आज काहीही बिघडू द्यायचे नाही असे त्यांनी स्वतःला बजावले होते. बाईंनी ट्रंपेट ओठाला लावले आणि हवा कशी आहे ते बघण्यापुरता एकच सूर काढला. कानवाल्यांना तो बरगड्यांत जाणवला. तीन सेकंदांनी हॉलमध्ये अंधार झाला.

"फ्यूज गेला वाटतं," ड्रमवाला म्हणाला.

"फ्यूज नाही," अंधारातून कानवाले म्हणाले. "ते मी आहे."

मॅनेजरने वीज परत आणली. यंत्राची सगळी हकीगत सांगून होईपर्यंत बाई हाताची घडी घालून ऐकत होत्या.

"म्हणजे हे तुम्हीच बसवलंत."

"हो."

"आणि जॅझ बँडही तुम्हीच ठरवलात."

"हो."

"दोन्ही एकाच माणसाने?"

"माझ्या घरचे तुम्हाला भेटलेले नाहीत," कानवाले म्हणाले. "त्यांना याचं नवल वाटणार नाही."

सील तोडता येते का, हे पाहून झाले. तोडले तर यंत्र स्वतःच कुलूप लावून घेत होते, कारण कोणाच्या आग्रहाला बळी पडून तज्ज्ञानेच सील तोडू नये अशी तरतूद तज्ज्ञाने करून ठेवली होती. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो परगावी होता, सोमवारी येतो म्हणाला. दुसरा हॉल दोन तासांत मिळणे शक्य नव्हते. राहता राहिला एकच उपाय, तो म्हणजे बँडचा आवाज कोंडणे.

ट्रंपेटच्या तोंडात काहीतरी मऊ कोंबावे लागेल असे बाई म्हणाल्या. कानवाल्यांनी रुमाल दिला, तो लहान पडला. मग त्यांनी डाव्या पायातला मोजा काढून दिला. बाईंनी तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"धुतलेला आहे," कानवाले म्हणाले.

"तेवढंच बाकी होतं," असे म्हणून बाईंनी तो आत सारला. सॅक्सोफोनवाल्याला पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून बसवले. मोठ्या ड्रमचे कातडे काढून आत पाहुण्यांचे कोट भरायचे ठरले. पाहुणे यायला लागले तसे कानवाले दारातच त्यांचे कोट अदबीने उतरवून घेऊ लागले. केवढे अगत्य, असे सगळ्यांना वाटले.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. पियानो बोटांच्या टोकांनी वाजत होता, बास घुमत होता, आणि ट्रंपेटमधून सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज येत होता. दिवा हिरवा होता. पहिल्या रांगेत व्याही भुवया जुळवून बसले होते. कानवाल्यांनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली, व्याह्यांनीही हलवली. निभावले, असे कानवाल्यांना वाटू लागले.

मग नवरानवरीने रजिस्टरवर सह्या केल्या आणि दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्यांदा वीज आली तेव्हा मॅनेजर कानवाल्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, आता शेवटची हं. तुमचंच कलम."

इथून पुढे कानवाल्यांनी लग्न हातात घेतले. टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात वर करून हलवायचे, असा निरोप रांगेरांगेतून फिरला. मुले बागेत धाडली. मुलीच्या मामांचे हसणे सगळ्या नात्यात प्रसिद्ध होते. त्यांना बशी भरून देऊन बागेतच एका झाडाखाली बसवले आणि शेजारी राखणीला एक गंभीर आत्या ठेवली. वाढपी पायमोजांवर चालू लागले. लोक एकमेकांना शुभेच्छाही कुजबुजून देऊ लागले. उशिरा आलेल्या एका जोडप्याला वाटले, घरात कोणीतरी अत्यवस्थ आहे, आणि त्यांनी विहीणबाईंचे सांत्वन केले.

कानवाले स्वतः यंत्रासमोर खुर्ची टाकून बसले. त्यांचा एक पाय अनवाणी बुटात होता. दिवा हिरव्याचा पिवळा झाला की ते हात वर करून सगळ्यांचा आवाज दाबत, हिरवा झाला की हात खाली घेत. असा तासभर गेला. मुलीचे लग्न त्यांच्या पाठीमागे चालले होते.

"बाबा."

मुलगी शेजारी येऊन उभी होती.

"एक मिनिट हं बाळ, पिवळा आहे."

"बाबा, लग्न इकडे आहे."

"हो, हो. एवढा हिरवा होऊ दे."

ती मागे वळून निघून गेली. दिवा हिरवा झाल्यावर कानवाल्यांनी वळून पाहिले, तेव्हा ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली होती. चेहरा हसरा ठेवला होता. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. भलत्या शाळेच्या फाटकातून ती बाहेर आली, तेव्हा असाच ठेवला होता. एकच काम दिले होते पोरीने, आणि आपण तिच्या लग्नाची व्याख्यानमाला करून ठेवली.

एवढ्यात मोठ्या ड्रममध्ये फोन वाजला.

आत भरलेल्या कोणाच्या तरी कोटात तो होता आणि त्याची धून पोरकट होती. ड्रमवाला ड्रमकडे बघत राहिला. तिसऱ्या रांगेतले एक काका उठून संकोचाने म्हणाले, "माझा आहे. घेऊ का?" आणि स्टेजवर चढून ड्रमपाशी वाकले. कोणीतरी फुस्सकन हसले. मग दुसरे. दीडशे माणसे तासभर दाबून धरलेले हसू दाबू लागली, आणि दाबलेल्या हसण्यासारखी वाईट साथ नाही. दिवा पिवळा झाला. कानवाले ताडकन उठले.

"गप्प बसा!" ते सगळा जीव एकवटून ओरडले. "कोणीही हसायचं नाही! सगळ्यांनी एकदम शांत बसायचं!"

हे बोलायला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. पुन्हा अंधार झाला आणि यंत्रातून कुलूप पडल्याचा खट्ट आवाज आला.

हॉलमध्ये चिडीचूप झाले. कानवाल्यांची आज्ञा दिवसभरात पहिल्यांदाच पुरती पाळली गेली होती. ते अंधारात एका मोज्यावर उभे होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्यांना वाटत होते, पण तेही काम आपल्या हातून नीट होणार नाही याची खात्री होती.

"अहो," अंधारातून बायकोचा आवाज आला. "हे यंत्र कोणाला त्रास होऊ नये म्हणून बसवलंय?"

"शेजाऱ्यांना."

"शेजारी कोण आहे?"

कानवाल्यांनी विचार केला. पलीकडे नाला होता, मागे बाग होती. "मी," ते म्हणाले.

"आणि तुम्ही आज कुठे आहात?"

सजावटीच्या दिव्यांसाठी सगळे पडदे ओढून ठेवले होते. बायको खिडकीशी गेली आणि एकेक पडदा बाजूला सारू लागली. साडेपाचचे उतरते ऊन स्टेजपर्यंत आत आले.

ट्रंपेटवाल्या बाई पुढे आल्या. "कानवाले, आता हे यंत्र आणखी काय बंद करू शकतं?"

"आणखी काही उरलं नाही."

"माझ्या ट्रंपेटला वीज लागत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मोजा ओढून काढला, नीट घडी घालून कानवाल्यांच्या हातात दिला, आणि छाती भरून श्वास घेतला.

त्यानंतर जे वाजले ते जॅझ होते, हे कानवाल्यांना कोणी सांगावे लागले नाही. ड्रममधून कोट उडून बाहेर आले. सॅक्सोफोनवाला पडदा बाजूला करून बाहेर पडला. बागेतून मामा बशीसकट धावत आले, मागोमाग मुले, आणि सर्वात शेवटी गंभीर आत्या, ताल धरून. लोक खुर्च्या मागे ढकलून उभे राहिले आणि तासाभराच्या राहिलेल्या टाळ्या एकदम वाजवू लागले.

मुलगी गर्दीतून वाट काढत आली. "एकच काम दिलं होतं बाबा तुला."

"हो."

"तीनदा वीज घालवलीस. त्यातली एक नुसती ओरडून."

"मोजा कोंबल्यावर बँडलासुद्धा एवढं जमलं नाही," कानवाले म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "चुकलं ग बाळा. दरवेळी चुकतं."

तिने त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना वळवले, भिंतीकडे पाठ होईल असे. "आता इथून हलायचं नाही. आणि बघ. झाकण काढलंय ना?" ती खरोखर हसत होती. कानवाल्यांनी डोळे पुसले. हातात मोजाच होता.

जावई हसत शेजारी येऊन उभा राहिला. "बाबांकडे बघा," तो म्हणाला. व्याही पहिल्या रांगेतून उठून थेट स्टेजच्या कडेला गेले होते. एक हात पियानोच्या अंगावर ठेवून, डोळे मिटून उभे होते. "किती वर्षांनी असे दिसले. एक विचारू का? पहिल्या भेटीत तुम्ही ड्रमवाला मागे राहतोय म्हणालात. मला त्या दिवशी कळलंच नाही. त्या तबकडीवर ड्रम नाहीत. नुसता पियानो आहे."

नसलेला ड्रमवाला मागे राहिल्याचे कानवाल्यांनी एका न्यायाधीशाला सांगितले होते, आणि न्यायाधीशाने तीनदा मान हलवली होती.

व्याही डोळे उघडून त्यांच्याचकडे येत होते. त्यांनी कानवाल्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतले.

"त्या दिवशी तुम्ही मला बरोबर पकडलंत," ते म्हणाले. "तुम्ही काय बोललात ते मला ऐकूच आलं नव्हतं. नेहमीसारखी मान हलवली. मागाहून मुलाने सांगितलं, की ड्रमबद्दल बोललात. त्या तबकडीवर ड्रम नाहीत, हे मला पाठ आहे. तेव्हा कळलं, या माणसाने माझे कान तपासले. पण चारचौघांत एक शब्द काढला नाहीत. चार वर्षं मी नुसती तबकडी फिरताना बघतोय हो, घरात कोणाला पत्ता नाही." त्यांनी स्टेजकडे बोट केले. "आणि आज मला ऐकू येईल असा बँड आणलात. आधी तासभर सगळं बारीक ठेवून, मग एकदम. कशासाठी ते मला कळलं."

कान तपासण्यात जन्म गेला, आणि समोरचा माणूस मान हलवतो ती ऐकू न आल्याची आहे, हे कानवाल्यांना कळले नव्हते. ते स्वतः तशीच हलवत होते म्हणून असेल. निदान या एका माणसाशी तरी खरे बोलायचे, असे त्यांनी ठरवले.

"मी काही तपासलं नव्हतं," ते म्हणाले. "मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. ते वाक्य उगाच ठोकून दिलं होतं."

मागे ट्रंपेट टिपेला गेले होते. व्याही त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांनी सावकाश तीनदा मान हलवली.

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "जाणकार माणूसच असं बोलू शकतो. सोमवारी दुकान उघडं आहे का?"

कानवाल्यांनीही मान हलवली.

"काय म्हणत होते?" व्याही गेल्यावर बायकोने विचारले.

"जाणकार म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"मी खरं काय ते सांगून टाकलं. ओ की ठो कळत नाही म्हणालो."

"मग?"

"त्यांना पटलं."

बायको हसायला लागली. भावाच्या वरताण, खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कानवाल्यांनी सवयीने मागे वळून भिंतीकडे पाहिले. तिथे एकही दिवा लागलेला नव्हता.